शाळा, घर आणि मुलांच्या हाती आलेला मोबाईल

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या, तेव्हा अध्यापनात खंड पडू नये म्हणून ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा कार्यक्रम हाती घेण्यात आला. दीक्षा अ‍ॅपवरील अभ्यासमाला, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविलेला गृहपाठ, यूट्यूबवरील पाठ अशा विविध मार्गांनी शिक्षक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत राहिले. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी व शेतमजूर कुटुंबांनी स्मार्टफोन प्रथम घरात आणला तो याच निमित्ताने. पुढे शाळा पूर्ववत सुरू झाल्या; फोन मात्र घरातच राहिला आणि दिवेलागणीच्या वेळी तो बहुधा मुलांच्याच हाती दिसू लागला.

या घटनाक्रमाचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. आज इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांच्या समाजमाध्यमांच्या वापराविषयी बोलणे निघाले म्हणजे शिक्षक म्हणतात, मुले घरी काय पाहतात यावर आमचा ताबा नाही. पालक म्हणतात, अभ्यासच मोबाईलवर येतो, मग तो मुलांच्या हातून काढून कसा घ्यावा? दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु घर शाळेवर आणि शाळा घरावर विसंबून राहिल्यामुळे अकरा ते चौदा वर्षांचे मूल या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत एकटेच वावरत असते. ही जागा शाळा आणि घर यांनी मिळून कशी भरून काढावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वापर किती, जाण किती

ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल या दृष्टीने उद्बोधक आहे. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयोगटातील ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, असे त्यात आढळून आले. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात शिक्षणविषयक कामासाठी फोन वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी तो वापरणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्के होते. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी आपले खाते खाजगी कसे करावे हे सुमारे ५५ टक्के मुलांनाच ठाऊक होते. याचा अर्थ, रस्त्यावर गाडी घेऊन निघालेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना ब्रेक कोठे आहे हे कोणी दाखविलेले नाही. हे आकडे संपूर्ण देशाचे आणि माध्यमिक वयाच्या मुलांचे आहेत. तथापि ज्या सवयी नववी-दहावीत पक्क्या दिसतात, त्यांचे मूळ सहावी-सातवीत रुजलेले असते.

इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट या माध्यमांच्या स्वतःच्या नियमांनुसारही तेरा वर्षांखालील मुलास खाते उघडता येत नाही. सहावीतील मूल अकरा-बारा वर्षांचे असते. अर्थात त्याचे खाते असेल तर ते खोट्या जन्मतारखेवर उभे असते. मूल कागदोपत्री प्रौढ ठरल्यामुळे अल्पवयीनांसाठी या कंपन्यांनी ठेवलेली संरक्षणे त्याला लागू होत नाहीत आणि अनोळखी माणसाचा निरोप थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. पुष्कळदा ही खोटी तारीख घरातीलच थोरल्या भावाने किंवा काकाने कौतुकाने भरून दिलेली असते.

दोन्ही जिल्ह्यांची परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची सुमारे २४ लाख ५४ हजार होती. दोन्ही जिल्ह्यांत जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक ग्रामीण भागात राहतात. तेव्हा महानगरातील प्रत्येकी एक फोन असणाऱ्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला उपदेश येथे फारसा उपयोगी पडत नाही. येथे बहुधा एकच फोन साऱ्या घराचा असतो. दिवसा तो वडिलांबरोबर शेतात किंवा मोंढ्यावर जातो, संध्याकाळी मुलांकडे येतो. वडिलांचे सर्व गट, सर्व चित्रफिती आणि पैसे पाठविण्याचे अ‍ॅपही त्याच फोनमध्ये असते.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील मुखेड, कंधार, जळकोट या भागांतील परिस्थिती आणखी निराळी आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत आईचा आवाज मुलाला फोनवरच ऐकू येतो. अशा घराला ‘मुलाच्या हाती फोन देऊ नका’ असे सांगणे म्हणजे मायलेकरांची गाठभेट तोडण्यासारखे आहे. नांदेडच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमाभागात तेलुगू बोलणारी आणि तांड्यांवर बंजारा बोलणारी कुटुंबे आहेत. शाळेची मराठी सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली असे गृहीत धरता येत नाही.

लातूर शहराचा प्रश्न याहून वेगळा. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे येथील ट्यूशन एरियात दूरदूरचे विद्यार्थी येतात, पाठोपाठ लहान वर्गांतील मुलांसाठीही शिकवण्या निघाल्या. खोली करून राहणाऱ्या मुलाला आई-वडील खुशाली कळावी म्हणून फोन घेऊन देतात. दिवसभराच्या तासिकांनंतर थकलेले ते मूल रात्री खोलीत एकटेच असते आणि विरंगुळा म्हणून हाताशी तेवढाच फोन असतो.

हे यंत्र कसे चालते

समाजमाध्यमे फुकट मिळतात असा समज आहे. वास्तविक त्यांचे उत्पन्न जाहिरातींतून येते आणि माणूस जितका अधिक वेळ पडद्यासमोर राहील तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात. म्हणून एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. खाली सरकविलेले पान कधी संपत नाही. मुलाने कोणत्या दृश्यावर किती क्षण नजर ठेवली याची नोंद घेऊन पुढचे दृश्य निवडले जाते. पुस्तकाला शेवटचे पान असते, खेळाला अंधार पडल्यावर थांबावे लागते. येथे तशी थांबण्याची जागा मुद्दामच ठेवलेली नसते.

किशोरवयाच्या आरंभी कौतुकाची ओढ आणि समवयस्कांत मान मिळविण्याची इच्छा प्रबळ होते. आवरून धरण्याची शक्ती मात्र पुढे कित्येक वर्षे घडत राहते. त्यामुळे ज्या यंत्रापुढे प्रौढांचाही संयम सुटतो, त्यापुढे बारा वर्षांच्या मुलाला ‘तुला कळत कसे नाही’ असे म्हणणे न्यायाचे नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रात १२ ते १५ वर्षांच्या मुलांवरील एका अभ्यासाचा दाखला आहे. दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालविणाऱ्या मुलांत नैराश्य व चिंता यांच्या लक्षणांचा धोका दुपटीने दिसून आला. एक दुसऱ्याचे कारण आहे असे केवळ यावरून सिद्ध होत नाही. परंतु झोप, खेळ आणि गप्पा यांचे तास त्यात खर्ची पडतात, हे समजायला मोठ्या संशोधनाची गरज नाही.

बंदीचा अनुभव

बंदी हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. केंद्र शासनाने २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने ‘रील’ आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ भारतात सुरू केले. देशाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या बंदीची कारणे वेगळी होती; मुलांच्या सवयीपुरते पाहिले तर केवळ दुकानाची पाटी बदलली.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल-बंदी करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली. ठरावामागील तळमळ समजण्यासारखी होती. परंतु अभ्यासासाठी किंवा संपर्कासाठी ज्याला फोन लागतोच, त्या मुलाने काय करावे, हा प्रश्न बंदीने सुटत नाही.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून वेगळा मार्ग धरला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाईल व दूरदर्शन संच बंद ठेवले जातात. प्रारंभी लोकांना ते अशक्यप्राय वाटले. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक यांनी दारोदार जाऊन समजूत घातली, तेव्हा कोठे ते रुळले. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही सायंकाळी सहा ते आठ अशी वेळ पाळण्याचा उपक्रम केला आहे. या उपक्रमांचे मर्म भोंग्यात नाही. नियम मोठ्यांनाही लागू आहे आणि सर्व घरांना एकाच वेळी लागू आहे, यात ते आहे. शेजारच्या घरी रील चालू असताना आपल्याच मुलाला अभ्यासाला बसविणे कठीण जाते. साऱ्या गल्लीत शांतता असली की मुलाची तक्रार उरत नाही.

मौनाची किंमत

वेळेचा अपव्यय हा या प्रश्नाचा सर्वांस दिसणारा भाग होय. न दिसणारा भाग अधिक गंभीर आहे.

सातवीतील एखाद्या मुलीला अनोळखी खात्यावरून निरोप येऊ लागतात. प्रथम कौतुक, मग छायाचित्राची मागणी, मग ते सर्वांना दाखविण्याची धमकी असा हा क्रम असतो. कधी धमकावणारा गावातलाच, ओळखीचा निघतो. अशा वेळी मुलीने आईला सांगावे, हा सरळ मार्ग. परंतु ती सांगत नाही, कारण पुढे काय होईल याचा तिने मनाशी हिशेब केलेला असतो. फोन जाईल, बाहेर जाणे बंद होईल, कदाचित शाळाही सुटेल आणि ‘आता हिचे उरकून टाका’ अशी बोलणी घरात सुरू होतील.

ही भीती निराधार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, राज्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला आढळला. मराठवाड्यातील परभणी, बीड यांसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक होते. या वातावरणात वाढणाऱ्या मुलीला त्रास देणारा माणूस तिच्या याच भीतीचा फायदा घेतो. तिचे मौन हेच त्याचे भांडवल. मुलग्यांचीही स्थिती फारशी वेगळी नसते. ऑनलाइन खेळात वडिलांच्या खात्यातील पैसे गेले, तर मारापोटी मुलगा ते लपवितो आणि फसविणारा आणखी मागत राहतो.

तेव्हा शाळा आणि घर यांनी मिळून कोणती एक गोष्ट साधावयाची असेल तर ती ही : घडलेला प्रकार सांगण्याची किंमत मुलाला मोजावी लागू नये. पहारा कितीही कडक ठेवला तरी त्यातून काही निसटतेच. निसटलेले घरी कळण्याची वाट मोकळी राहिली तर नुकसान आवरता येते.

पालकसभेत करावयाचा करार

शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा स्तरावर सखी सावित्री समितीची तरतूद झाली. म्हणजे नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. आहे त्या यंत्रणेपुढे हा विषय मांडावयास हवा. पुढील सहा कलमांचा साधा करार त्यासाठी उपयोगी पडेल.

१. शाळा गृहपाठ वर्गातच वहीत लिहून देईल. सायंकाळी सहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठविला जाणार नाही, म्हणजे ‘अभ्यास आला का बघतो’ हे निमित्त उरणार नाही.

२. रोज सायंकाळी ठरलेला दीड तास घरातील सर्वांचे फोन बाजूला राहतील. आई-वडील कारखान्यावर असतील तर त्यांच्या फोनची वेळ आधी ठरवून हा दीड तास तिच्या मागे-पुढे घेतला जाईल.

३. रात्री फोन मोठ्या माणसाच्या खोलीत चार्जिंगला राहील. मुलाच्या उशाशी राहणार नाही.

४. तेरा वर्षांखालील मुलाचे स्वतंत्र खाते असणार नाही. त्यानंतर उघडलेले खाते खऱ्या जन्मतारखेचे, खाजगी आणि घरात ठाऊक असलेले असेल.

५. पालकांच्या संमतीवाचून शाळा मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणार नाही. पालकही इतरांच्या मुलांची टाकणार नाहीत.

६. मुलाने घडलेला प्रकार स्वतःहून सांगितला तर त्याला शिक्षा होणार नाही आणि कोणत्याही मुलीची शाळा या कारणाने बंद केली जाणार नाही.

सहावे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. ते पालकांनी मुलांच्या समक्ष मोठ्याने वाचावे. मुलाने ते एकदा आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले असेल तर प्रसंग पडल्यावर त्याला ते आठवेल.

सभा केव्हा घ्यावी यासही महत्त्व आहे. ऊसतोडीच्या गावांत ती दसऱ्यापूर्वी, जोडपी गाव सोडण्याआधी व्हावी आणि मुले ज्यांच्यापाशी राहणार त्या आजी-आजोबांनाही बोलवावे. तेलुगू, उर्दू किंवा बंजारा बोलणाऱ्या घरांसाठी त्याच भाषेत समजावणारी एखादी माता किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी सोबत घ्यावा. भाषण थोडे आणि प्रात्यक्षिक अधिक असावे. खाते खाजगी करणे, नको असलेल्या व्यक्तीस ब्लॉक करणे आणि पासवर्ड बदलणे, या तीन क्रिया प्रत्येक पालकाने आपल्या हाताने एकदा करून पाहिल्या तर सभा सार्थकी लागली असे समजावे. अक्षरओळख नसलेल्या आईलाही खुणांवरून त्या शिकता येतात.

वर्गात शिक्षकांनी पंधरवड्यातून एक तासिका या विषयासाठी ठेवावी. एकच बातमी तीन ठिकाणी कशी वेगवेगळी सांगितली जाते, छायाचित्रात फेरफार कसा होतो, निरोप पुढे पाठविण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारावा, हे भाषा व परिसर अभ्यासाच्या अनुषंगाने शिकविता येते. सायंकाळचा जो वेळ मोकळा करून घेतला, तो भरण्याची सोयही पाहिली पाहिजे. शाळेचे मैदान आणखी एक तास उघडे ठेवणे, वाचनालयातील पुस्तके घरी देणे, कबड्डी-खोखोचे संघ बांधणे ही कामे खर्चाची नाहीत.

तक्रार आणि कायदा

प्रसंग उद्भवलाच तर प्रथम निरोप व क्रमांक पुसू नयेत. तो पुरावा होय. मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र मात्र कोणालाही, शिक्षकांच्या गटावरही, पुढे पाठवू नये. तसे करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते.

पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल आणि मुलीचे नाव गावभर होईल, या धास्तीने पुष्कळ पालक मागे सरतात. त्यांना हे माहीत असावे की, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेता येतो. शक्यतोवर तो महिला उपनिरीक्षकाने घ्यावयाचा असतो आणि जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असे बंधन आहे. मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. असा अपराध कळूनही तो न कळविणे शिक्षेस पात्र आहे, हे शिक्षकांनी व संस्थाचालकांनी ध्यानात ठेवावे. शाळेची बदनामी टाळण्यासाठी प्रकरण मिटविणे कायद्याला मान्य नाही.

कंपन्यांवरील जबाबदारीही वाढत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविण्यात आली असून मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यास प्रतिबंध आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाचे आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. त्यात दंड कंपनीला आहे, मुलाला वा पालकाला नाही. तथापि संमती मागणाऱ्या चौकटीवर न वाचता बोट ठेवले गेले तर उत्तम कायदाही निष्प्रभ होईल. शेवटी ते बोट घरातल्याच माणसाचे असते.

समारोप

मराठवाड्यात शाळा आणि समाज यांचे नाते पूर्वीपासून जवळचे आहे. निजामी राजवटीत मराठी शिक्षणाला पुरेसा आधार नसताना हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा लोकांच्या आधारावर चालल्या. स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे शिक्षक म्हणून काम केले. त्या काळी मूल शाळेत पाठविणे हेच धाडस होते. आज मूल शाळेत येते, आणि शाळेबाहेरचे सारे जग त्याच्या हातातल्या फोनमधून त्याच्याकडे येते. त्या जगात त्याला एकटे सोडावयाचे नसेल तर येत्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्यावा, सहावे कलम मुलांसमोर वाचले जावे आणि त्याच संध्याकाळी मोठ्यांनी आपले फोन आधी बाजूला ठेवावेत.